मुंबई ते टोकियो विमानाने किती किलोमीटर आणि किती तास? स्वतः कसं काढायचं

नेटवर मुंबई टोकियो अंतर शोधलं की एका ठिकाणी ६,७९० किलोमीटर दिसतं, दुसरीकडे ६,९०० च्या पुढे, आणि तासांचं तर विचारूच नका, कुठे पावणेआठ, कुठे पावणेदहा, कुठे थेट साडेअकरा. लोक गोंधळतात आणि म्हणतात की यातलं कायतरी एक खोटं असणार. खरं तर बहुतेक आकडे बरोबर असतात, फक्त प्रत्येक जण वेगळी गोष्ट मोजत असतो. कोणी जमिनीवरची सरळ रेषा मोजतं, कोणी विमान खरंच जिथून गेलं तो रस्ता मोजतं, कोणी घड्याळातला फरक मोजतं आणि त्याला प्रवासाचा वेळ म्हणतं. हे तीन वेगळे केले की कुठल्याही दोन शहरांचं गणित फोनच्या कॅल्क्युलेटरवर पाच मिनिटांत होतं. मी मुंबई टोकियो घेतोय कारण या रूटवर शिकण्यासारखं भरपूर आहे, मधे हिमालय आहे, वरती जबरदस्त वारा आहे आणि दोन्हीकडची घड्याळं साडेतीन तासांनी वेगळी आहेत.

आधी सरळ अंतर काढू.

पृथ्वी गोल आहे त्यामुळे सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजता येत नाही, गोलावरचा सगळ्यात जवळचा रस्ता हा कमानीसारखा असतो आणि त्याला ग्रेट सर्कल म्हणतात. तो काढायला फक्त दोन्ही विमानतळांचे अक्षांश रेखांश लागतात. मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. टोकियोचा नारिता ३५.७७ उत्तर, १४०.३९ पूर्व. इथे एक गोष्ट नीट बघा, काही ठिकाणी अंश आणि मिनिटं अशी लिहिलेली असतात, म्हणजे १९ अंश ५ मिनिटं, तर ते १९.०५ नाही होत, ५ भागिले ६० करायचं म्हणजे १९.०८ होतं. ही चूक खूप जणांची होते आणि मग अंतर थोडंसंच चुकतं त्यामुळे लक्षातही येत नाही.

आता फोन आडवा करा की बहुतेक फोनांत सायंटिफिक कॅल्क्युलेटर उघडतो. तो डिग्रीवर आहे ना ते बघा, रेडियनवर असेल तर उत्तर भलतंच येईल. मग असं करायचं:

पहिल्या शहराच्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याच्या अक्षांशाचा साइन. आपल्या केसमध्ये ०.३२७ गुणिले ०.५८५, म्हणजे ०.१९१.

मग पहिल्याचा कॉस गुणिले दुसऱ्याचा कॉस गुणिले रेखांशांच्या फरकाचा कॉस. रेखांशांचा फरक ६७.५२, तर ०.९४५ गुणिले ०.८११ गुणिले ०.३८२, म्हणजे ०.२९३.

दोन्हीची बेरीज ०.४८४. याचा उलटा कॉस घ्यायचा, कॅल्क्युलेटरवर कॉसच्या डोक्यावर उणे एक लिहिलेलं बटण असतं ते. उत्तर ६१.०३ अंश. मी इथे वाचायला सोपं जावं म्हणून आकडे छोटे करून लिहिलेत, तुम्ही करताना मधे कुठेही गोल करू नका, सगळे दशांश तसेच पुढे न्या.

एक अंश म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावर साधारण १११.२ किलोमीटर. तर ६१.०३ गुणिले १११.२, झाले ६,७८७ किलोमीटर. नॉटिकल मैल हवे असतील तर आणखी सोपं, एक अंशाला ६० नॉटिकल मैल असतात म्हणजे ३,६६२. वैमानिक लोक याच मापात बोलतात आणि ते माप अंशावरूनच बनलेलं आहे त्यामुळे गणित आपोआप जुळतं.

पृथ्वी अगदी चेंडूसारखी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, त्यामुळे या पद्धतीत जास्तीत जास्त अर्धा टक्का इकडेतिकडे होऊ शकतं. एखाद्या वेबसाइटवर तुमच्यापेक्षा चार दहा किलोमीटर वेगळं दिसलं तर काळजी करू नका. आणि ज्यांना गणित नकोच आहे त्यांनी गूगल मॅप्सवर जागेवर राइट क्लिक करून अंतर मोजायचा पर्याय घ्यावा, तो गोलावरचंच अंतर देतो, किंवा ग्रेट सर्कल मॅपर नावाची साइट आहे तिथे दोन्ही विमानतळांचे तीन अक्षरी कोड टाकावेत. पण एकदा तरी हाताने करून बघा असं मी मनापासून सांगेन, कारण मग बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही हे तुमचं तुम्हाला कळतं.

विमान तर ११ किलोमीटर उंचावरून जातं मग अंतर वाढत नाही का, असं बरेच जण विचारतात. वाढतं, पण पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे आणि त्यात ११ मिळवले तर एवढ्या लांबच्या प्रवासात जेमतेम १२ किलोमीटरचा फरक पडतो. सोडून द्या.

आता ही सरळ रेषा कुठून जाते ते बघू, कारण खरी मजा इथे आहे. मुंबईहून ती थेट पूर्वेला नाही निघत, ईशान्येला निघते, साधारण ५९ अंशांच्या दिशेने. जबलपूरजवळून जाते, बिहारच्या पूर्णिया भागातून जाते, मग भूतानमध्ये थिंफूच्या जवळपास डोक्यावरून, तिथून पूर्व तिबेट, चेंगडूच्या वायव्येचे डोंगर, मग चीन ओलांडून चिंगदाओच्या दक्षिणेला पिवळ्या समुद्रावर, दक्षिण कोरियाचा खालचा भाग आणि मग जपान. नारिताला पोचताना ती जवळजवळ सरळ पूर्वेकडे चाललेली असते.

पण प्रवासी विमान या रेषेवरून सहसा जात नाही. कारण तिबेटचं पठार. त्याची सरासरी उंचीच ४,५०० मीटर आहे, म्हणजे जवळपास १४,८०० फूट. विमानातला हवेचा दाब अचानक गेला तर वैमानिकाला झपकन १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं कारण तिथे माणूस मास्कशिवाय श्वास घेऊ शकतो, आणि प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन बऱ्याच विमानांत १२ ते १५ मिनिटांपुरताच असतो. आता खाली जमीनच १४,८०० फुटांवर असेल तर उतरणार कुठे? शिवाय डोंगरांवरून येणाऱ्या वाऱ्यामुळे तिथे हवा खूप उसळते, आणि इमर्जन्सीत उतरायला विमानतळही कमी. अगदी कोणीच जात नाही असं नाही, ठरलेले काही रूट आहेत आणि ज्यांच्याकडे जादा ऑक्सिजनची सोय आहे ते जातात, पण भारत आणि जपानमधली नेहमीची वाट दक्षिणेकडून आहे, कोलकाता बांगलादेशच्या बाजूने म्यानमार, मग चीनचा युनान प्रांत म्हणजे कुनमिंगची बाजू, आणि तिथून पूर्व चीन ओलांडून जपान.

मग हा वळसा किती मोठा पडतो? हे पण मोजता येतं, त्याच पद्धतीने, फक्त रस्त्याचे तुकडे करायचे. मुंबई ते कोलकाता १,६६० किलोमीटर, कोलकाता ते कुनमिंग साधारण १,४९५, कुनमिंग ते शांघाय साधारण १,९६५, शांघाय ते नारिता १,७९५. बेरीज ६,९१५. म्हणजे अख्ख्या हिमालयाला आणि तिबेटला बाजूला ठेवून सुद्धा जेमतेम १३० किलोमीटर वाढले, दोन टक्के पण नाही. विमान अगदी याच शहरांवरून जातं असं नाही, रोजचा रूट हवामान आणि गर्दी बघून बदलतो, पण अंदाजाला हे पुरेसं आहे. त्यामुळे कोणी म्हणालं की हिमालयामुळे वेळ खूप जातो तर या रूटपुरतं ते बरोबर नाही, इथे दहा मिनिटांच्या आतला मामला आहे. वेळ खातो तो वारा.

वेळ काढायला आधी विमानाचा वेग लागतो. ७८७ सारखं लांब पल्ल्याचं मोठं विमान मॅक ०.८५ च्या आसपास उडतं, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या ८५ टक्के. त्या उंचीवर तापमान उणे ५५ च्या जवळ असतं आणि थंड हवेत आवाजाचा वेग कमी होतो, त्यामुळे हा वेग ताशी ९०० किलोमीटर भरतो. ए३२० किंवा ७३७ सारखं छोटं विमान मॅक ०.७८ ने जातं, ते ताशी ८३० होतं. म्हणून एकाच रूटवर छोटं विमान असेल तर वेळ जास्त लागणार हे धरूनच चाला, तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो तो वाचत जा.

पण हा वेग हवेच्या तुलनेत आहे, जमिनीच्या तुलनेत नाही. हवा स्वतःच पळत असेल तर? वाहत्या नदीत पोहल्यासारखं आहे, हात तेवढेच मारायचे पण प्रवाहाबरोबर गेलात तर काठ भराभर मागे पडतो आणि उलट गेलात तर तीच मेहनत करून निम्मं अंतर. ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार पट्टा असतो, त्यालाच जेट स्ट्रीम म्हणतात, आणि जगात हा पट्टा सगळ्यात जोरात वाहतो अशा जागांमध्ये पूर्व चीन आणि जपान यांचा नंबर फार वर आहे. हिवाळ्यात जपानवर त्याच्या मध्यभागी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे वारा जातो. हे वारे नीट मोजून लिहून ठेवणाऱ्या अगदी पहिल्या लोकांमध्ये वासाबुरो ओइशी हे जपानी हवामानशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२० च्या दशकात तातेनोच्या वेधशाळेतून फुगे सोडून ही मोजणी केली आणि जगाने वाचावं म्हणून अहवाल एस्पेरांतो भाषेत छापला. फार थोड्या लोकांनी तो वाचला याचं मला आजही वाईट वाटतं.

आता गणितात हे कसं घ्यायचं. पूर्ण रूटवर जोर सारखा नसतो, मुंबईजवळ कमी आणि जपानजवळ जास्त, म्हणून सरासरी लागते. हिवाळ्यासाठी समजा रूटभर सरासरी ताशी १०० किलोमीटर धरला. जाताना तो मागून येतो, म्हणजे जमिनीवरचा वेग ९०० अधिक १००, हजार. ६,९०० भागिले १,०००, सहा तास ५४ मिनिटं. येताना तोच समोरून, ९०० वजा १००, आठशे. ६,९०० भागिले ८००, आठ तास ३८ मिनिटं. तेच विमान, तोच रस्ता, आणि पावणेदोन तासांचा फरक. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं असं जे सांगितलं जातं ते डोक्यातून काढून टाका, पृथ्वीबरोबर हवा पण फिरते आणि विमान त्या हवेत आहे, नाहीतर जमिनीवरून उडी मारल्यावर आपण दुसऱ्या गावात पडलो असतो.

अजून एक गोष्ट, जाताना जे वाचलं ते येताना परत द्यावं लागतं आणि वर थोडं जास्तच. वारा नसता तर जाऊन येऊन १५ तास २० मिनिटं, वारा असताना १५ तास ३२ मिनिटं. कारण समोरचा वारा तुम्हाला जास्त वेळ भेटतो, तुम्ही हळू जाता म्हणून त्याच्यात जास्त वेळ अडकता. तरी कंपन्या त्यातूनही वाचवतात, येताना जेटचा मुख्य पट्टा टाळून रूट आखतात, म्हणजे अंतर वाढलं तरी वेळ कमी लागतो. म्हणून येतानाचा रस्ता विमानं कुठून जातात ते दाखवणाऱ्या ट्रॅकरवर वाकडातिकडा दिसला तर तो चुकलेला नाही, मुद्दाम तसा घेतलेला असतो.

त्या दिवसाचा वारा बघायचा असेल तर विंडी अॅप उघडा, उंची २५० हेक्टोपास्कल निवडा, तिथे उंची हवेच्या दाबावरून दिलेली असते, म्हणजे साधारण ३४,००० फूट. रूटवरच्या सहासात जागांवर बोट ठेवून वेग आणि दिशा लिहून घ्या. वारा बरोबर मागून असेल तर पूर्ण धरायचा, ४५ अंश तिरका असेल तर ७० टक्के, अगदी बाजूने असेल तर शून्य. मग सगळ्यांची सरासरी. नॉटमध्ये, म्हणजे ताशी नॉटिकल मैलांत दाखवत असेल तर १.८५ ने गुणा. इतकं केलं तर तुमचा अंदाज बऱ्यापैकी जवळ येतो, आणि मला तरी हे करायला फार आवडतं.

पावसाळ्यात चित्र बदलतं हे विसरू नका. जून ते सप्टेंबरमध्ये हा पश्चिमेकडचा जेट तिबेटच्या उत्तरेला सरकतो आणि उलट दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून येणारा वेगळाच जेट तयार होतो. त्यामुळे जाण्यायेण्यातला फरक उन्हाळा पावसाळ्यात बराच कमी होतो आणि जानेवारीत सगळ्यात जास्त असतो. कंपन्या वर्षातून दोनदा वेळापत्रक बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तेव्हा हा फरक आकड्यांत दिसतो. म्हणजे मित्राने ऑगस्टमध्ये लागलेला वेळ सांगितला तर तो जानेवारीच्या तिकिटाला लावू नका.

यात अजून जमिनीवरचा वेळ यायचाय. गेटवरून निघून रनवेपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, वर चढताना आणि उतरताना वेग कमी असणं, उतरल्यावर परत गेटपर्यंत जाणं, या सगळ्याचे मिळून ४० मिनिटं धरा. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना छेदतात त्यामुळे दोन्ही एकदम धड वापरता येत नाहीत, गर्दीच्या वेळेला रांग लागते, तर तिथे हात सैल सोडून धरलेलं बरं. तिकिटावर जो वेळ असतो तो गेट ते गेट असतो, हवेतला नाही, आणि त्यात कंपनीने उशीर होऊ नये म्हणून थोडी मोकळीक घातलेली असते. म्हणून आपलं गणित जाताना ७ तास ३४ आणि येताना ९ तास १८ आलं तरी वेळापत्रकात जाताना आठच्या आसपास आणि येताना पावणेदहा ते दहा दिसतं. तुमचं विमान वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचलं तर त्या मोकळिकीचाच तो परिणाम.

घाई असेल तर एवढं सगळं करू नका, एकच सूत्र लक्षात ठेवा: सरळ अंतर भागिले ८५०, अधिक ४० मिनिटं. या ८५० मध्ये वळसे आणि मोकळीक सगळं धरलेलं आहे. ६,७८७ भागिले ८५० म्हणजे आठ तास, अधिक ४० मिनिटं, पावणेनऊच्या जवळ, जे जाणं आणि येणं यांच्या बरोबर मधे पडतं. मुंबई सिंगापूर ३,९०० किलोमीटर, सूत्राने येतं सव्वापाच तास, आणि प्रत्यक्षात सव्वापाच ते साडेपाचच लागतात. दीड दोन हजार किलोमीटरच्या छोट्या रूटवर मात्र हे थोडं कमी उत्तर देतं, तिथे दहा पंधरा मिनिटं वर मिळवा.

आता घड्याळाचा भाग, जिथे सगळ्यात जास्त लोक फसतात. तिकिटावर निघण्याची वेळ त्या शहराची आणि पोचण्याची वेळ त्या दुसऱ्या शहराची असते, थेट वजाबाकी केली की चुकलंच. सगळ्या जगाची घड्याळं ज्या एका वेळेवरून मोजतात ती यूटीसी. भारत यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, आपली वेळ ८२.५ पूर्व रेखांशावरून धरलेली, तो मिर्झापूरजवळून जातो. जपान नऊ तास पुढे, त्यांचा रेखांश १३५, तो आकाशी नावाच्या शहरातून जातो. फरक साडेतीन तास, आणि दोन्ही देश उन्हाळ्यात घड्याळ पुढेमागे करत नाहीत म्हणून हा फरक वर्षभर तोच.

समजा मुंबईहून रात्री ८ ला निघालात. आधी यूटीसी करा, साडेपाच तास वजा, दुपारचे अडीच. त्यात ७ तास ५० मिनिटं मिळवा, रात्रीचे १० वाजून २० मिनिटं. आता नऊ तास मिळवा, जपानमध्ये दुसऱ्या दिवशीचे सकाळचे ७:२०. तिकिटावर बघणाऱ्याला ८ ते ७:२० म्हणजे ११ तास २० वाटतात, नेटवर दिसणारे साडेअकरा तास ते हेच. येताना नारिताहून संध्याकाळी ५ ला निघालात, यूटीसी सकाळचे ८, अधिक ९ तास ५०, संध्याकाळचे ५:५०, अधिक साडेपाच, मुंबईत रात्रीचे ११:२०. तिकिटावर फक्त ६ तास २० दिसतात आणि लोक म्हणतात वा येताना किती लवकर पोचलो, खरं तर येतानाच दोन तास जास्त बसले होते.

यावरून एक युक्ती सांगतो जी मला सगळ्यात उपयोगी वाटते. टाइम झोन माहीत नसले तरी चालतं. जातानाचा तिकिटावरचा दिसणारा फरक आणि येतानाचा दिसणारा फरक, दोन्हीची बेरीज करून दोनने भागा. ११:२० अधिक ६:२०, सतरा तास ४०, निम्मे ८ तास ५०. टाइम झोन एकदा मिळवला जातो एकदा वजा होतो त्यामुळे तो आपोआप उडतो आणि खरी सरासरी उरते. ही सरासरी वरच्या ८५० च्या सूत्राशी ताडून बघा, खूप तफावत आली तर समजा की ती नॉनस्टॉप फ्लाइट नाहीये, मधे कुठेतरी थांबा आहे. बुकिंगमध्ये डायरेक्ट लिहिलेलं असलं तरी मधे थांबा असू शकतो, फ्लाइट नंबर एकच राहतो म्हणून डायरेक्ट म्हणतात, त्यामुळे नॉनस्टॉप हाच शब्द शोधा.

थांबा घेऊन जायचं असेल तर कुठला थांबा वाकडा पडतो ते अंतरावरून लगेच कळतं. दिल्लीवरून ७,०५० किलोमीटर, म्हणजे सरळपेक्षा फक्त ४ टक्के जास्त. हाँगकाँगवरून ७,२३० च्या आसपास. बँकॉकवरून ७,६८०. सिंगापूरवरून तब्बल ९,२७०, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, कारण आधी विषुववृत्तापर्यंत खाली जायचं आणि परत वर यायचं. प्रत्येक थांब्याला सूत्रातली ४० मिनिटं परत एकदा धरायची. सिंगापूरचं असं सव्वाबारा तास विमानातच होतात, हाँगकाँगचं दहाच्या आत, आणि त्यावर लेओव्हर वेगळा. म्हणून स्वस्त तिकीट दिसलं की आधी हे दोन आकडे काढा मग ठरवा, मी तर म्हणेन की दोन पर्यायांत किंमत जवळपास सारखी असेल तर कमी किलोमीटरवाला घ्या, पाठ आणि गुडघे दोन्ही आभार मानतील.

हवाई हद्द बंद असेल तर मात्र सगळी गणितं बदलतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडायला लागला. मुंबई टोकियो पूर्वेला असल्यामुळे त्यावर त्याचा परिणाम नाही, पण तुम्ही दुसरी दोन शहरं घेऊन हे गणित करत असाल तर ग्रेट सर्कलची रेषा कुठल्या देशांवरून जाते ते बघा आणि तिथे सध्या काय चाललंय ते तपासा. फ्लाइटरडार२४ या ट्रॅकर साइटवर मागच्या आठवड्याच्या त्याच फ्लाइटचा रस्ता उघडला की एका नजरेत कळतं, आणि तिथे प्रत्यक्ष उड्डाण आणि उतरण्याची वेळ पण दिसते. एका दिवसावरून ठरवू नका, चारपाच दिवस बघा कारण वारा रोज वेगळा.

शेवटचं राहिलं ते कुठल्या विमानतळावर उतरताय. टोकियोला दोन आहेत, नारिता आणि हानेदा, सरळ अंतर दोघांमध्ये ६० किलोमीटरच्या आसपास. हवेत हा फरक पाच मिनिटांचा, पण जमिनीवर तसं नाही, हानेदा शहराला चिकटून आहे आणि नारिता शहराच्या मध्यापासून ६० एक किलोमीटरवर, स्कायलायनर ट्रेनने निप्पोरीला यायलाच ४० मिनिटं लागतात आणि पुढे तुमच्या हॉटेलपर्यंतचा वेळ वेगळा. मुंबईकडे पण आता नवी मुंबई विमानतळ झालाय, ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं, म्हणजे तिकिटावर नुसतं मुंबई वाचून चालणार नाही, तीन अक्षरी कोड बघायचा. हानेदाची फ्लाइट अर्धा तास जास्त घेत असेल तरी घरातून निघण्यापासून ते हॉटेलच्या खोलीपर्यंतची बेरीज मांडून बघा, बऱ्याचदा तीच आधी पोचवते.